वार लावलेली सुट्टी

परवा माझ्या मुलीनं, मुग्धानं, फोनवर एक तक्ता पाठवला. एप्रिल, मे आणि जूनचे पहिले पंधरा दिवस; दिवसाला एक चौकोन आणि प्रत्येक चौकोनात रंग. खाली लिहिलं होतं, "आई, शीट बघ. हिरवे बॉक्स माझी लीव्ह, निळे रोहितची, केशरी म्हणजे समर कॅम्प आणि पिवळे तुझे." मी चष्मा लावून पिवळे मोजले. एकोणीस निघाले. मला कुणी विचारलं नव्हतं, पण निवृत्त माणसाला विचारायची पद्धत पुण्यात नाही. तो मोकळाच असतो असं सगळे धरून चालतात. रोहितचे, म्हणजे आमच्या जावईबापूंचे, पाच निळे चौकोन पाहून मात्र खरंच बरं वाटलं. आमच्या लहानपणीच्या तक्त्यात एकाही बापाचं नाव नव्हतं, आणि ते नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

आमचा तक्ता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर असे. विश्रांतवाडीला आळंदी रस्त्याच्या आत सरकारी नोकरांची कॉलनी होती, तिथे दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. आई, बाबा, मी आणि माझ्याहून सहा वर्षांनी लहान असलेला नंदू. बाबा कारखान्यात, कधी पहिली पाळी तर कधी रात्रपाळी. त्यांच्या रजा गावाकडची लग्नं आणि भावकीतली दुखणीखुपणी यांच्या नावानं आधीच लागलेल्या असत. आई एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून होती. येणाऱ्या कागदावर शिक्का मारायचा, त्याला क्रमांक द्यायचा आणि ज्या टेबलाचा असेल त्या टेबलाला पाठवायचा. घरीही ती तशीच होती. मी काही गाऱ्हाणं घेऊन गेले की पोळी लाटता लाटता म्हणायची, "आवक झालं. उत्तर नंतर मिळेल." बऱ्याचदा उत्तर मिळायचंही, पण दोन दिवसांनी, आणि तेही मी विचारलेलं विसरून गेल्यावर.

आईला वर्षाच्या किरकोळ रजा आठ. हक्काची रजा वेगळी असायची, पण उन्हाळ्यात साहेब ती कुणालाच देत नसत. शाळेची सुट्टी सात आठवड्यांची. हे गणित कुठल्याच घरात सुटत नव्हतं. कॉलनीत नोकरी करणाऱ्या सहा आया होत्या आणि त्यांची मिळून अकरा मुलं. एका उन्हाळ्यात यांतली दोन पोरं कुणाचं लक्ष नसताना पाण्याच्या टाकीवर चढली, आणि त्याच संध्याकाळी आईनं सहाही जणींना आमच्या घरी चहाला बोलावलं. माझे आजोबा, आईचे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, ते लहानपणी कोकणातून पुण्याला शिकायला आले आणि कसब्यात वार लावून जेवले. म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात दिवस सात घरांचं अन्न खाऊन शिकले. आई चहाचे कप मांडत म्हणाली, "आप्पा वार लावून मॅट्रिक झाले. आपण पोरांचे वार लावू. सहा जणी, सहा दिवस. आठवड्यातून एकच रजा प्रत्येकीची. तिच्या घरी सगळी अकरा पोरं. जेवण, झोप, भांडणं, सगळं तिचं."

तसे आमचे वार लागले. सोमवार जोशीकाकूंचा. त्या टेलिफोनच्या कचेरीत होत्या आणि घरातही एकेक शब्द तोडून, दोनदा बोलायच्या: "हात धुवा. हात धुवा." मंगळवार आमच्या शेजारच्या दारातल्या शेखकाकूंचा. त्या इस्पितळात नर्स होत्या. त्यांच्याकडे दुपारी डोळे मिटून पडणं सक्तीचं होतं, पण उठल्यावर दुधातल्या शेवया मिळत, म्हणून कुणाची तक्रार नसे. सकाळी नऊला जिना वाजायला लागायचा. प्रत्येकानं आपापली उशी काखोटीला मारून त्या दिवसाच्या घरी जायचं असा नियम होता, त्यामुळे अकरा उशा जिन्यावरून वरखाली होताना दिसत. खाली दूधवाला एकदा म्हणाला, "काय हो ताई, पूर आलाय का कुठं?" आई म्हणाली, "सुट्टी लागलीय. तेच ते."

गुरुवार आईचा होता. आणि गुरुवारचा मला राग होता. बाकीच्या पाच दिवशी मी दुसऱ्यांच्या घरी पाहुणी असे. गुरुवारी मी आपल्या घरी असून सगळ्यात शेवटची असे. मुगाची खिचडी, कैरीचं ताजं लोणचं, ताक. आई ओळीनं वाढत यायची आणि माझ्यापाशी येईपर्यंत तळाची खरवड उरायची. भांडण झालं की चूक कुणाचीही असो, पहिला धपाटा मला. पंख्याखालची जागा जोशीकाकूंच्या मीनाला, दाराजवळची झळ मला. एकदा मी म्हटलं, "आई, मी पण अकरांतलीच आहे ना?" तिनं वर न बघता उत्तर दिलं, "तू घरची आहेस." हे वाक्य ती दर गुरुवारी चार वेळा तरी म्हणायची. मला वाटायचं, घरची असणं ही एक शिक्षा आहे आणि ती मला कशाबद्दल झालीय हे कुणी सांगत नाही.

त्या वर्षी मी बारा पूर्ण होत आले होते. फेब्रुवारीत नंदूला गोवर आला, त्यात आईची एक रजा गेली. उरल्या सात. गुरुवारही सात. आईनं कॅलेंडरवर सात गोल काढले आणि मला म्हणाली, "आता डिसेंबरपर्यंत या घरात कुणी आजारी पडायचं नाही." ती हसत म्हणाली, पण ते खरंच होतं. शिवाय वार चुकवायचा नाही हा नियम आईनंच घातलेला. आदल्या वर्षी जोशीकाकूंनी भाचीच्या साखरपुड्यासाठी एक सोमवार बुडवला, तेव्हा आईनं सगळ्यांसमोर ऐकवलं होतं, "ज्यांना जमत नाही त्यांनी आपली मुलं आपल्या घरी ठेवावीत." जोशीकाकू पुढे महिनाभर आईशी मोजकंच बोलत होत्या. म्हणजे गुरुवार चुकला असता, तर आईला आपलेच शब्द गिळावे लागले असते आणि मी आणि नंदू दिवसभर कुलूपबंद घरात राहिलो असतो.

हे सगळं मला कळत होतं. तरी पाचव्या आठवड्यातल्या सोमवारी मी ते केलं. शाळेत एक मुलगी सांगायची, काखेत कांदा धरून उन्हात बसलं की ताप चढतो. सकाळी बाबा पहिल्या पाळीला गेलेले होते; आई धुणं-अंघोळ करायला गेली तशी मी टोपलीतला एक लहानसा कांदा घेतला, अर्धा तास गॅलरीत उन्हात बसले, आणि कांदा परत टोपलीत ठेवून अंथरुणावर येऊन पडले. मला आई हवी होती. अकरांत वाटलेली नको, सगळी. ती माझी वेणी घालील, आम्ही दोघीच जेवू, संध्याकाळी नाक्यावर उसाचा रस पिऊ, असं मी मनाशी सगळं ठरवून ठेवलं होतं. आईनं येऊन कपाळाला हात लावला, मग गळ्याला. जरा वाकली. मग सरळ उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. थर्मामीटर शेजारी शेखकाकूंकडे होता, दोन पावलांवर. तो तिनं मागवला नाही. नंदूची उशी त्याच्या काखेत दिली, त्याला जोशीकाकूंकडे पाठवलं आणि खाली राहणाऱ्या आपल्या कचेरीतल्या शिपायाजवळ रजेची चिठ्ठी दिली.

मग तिनं आलं-तुळशीचा काढा केला. मला पाजला. "जरा पाठ टेकते," असं म्हणून माझ्या शेजारी आडवी झाली, आणि झोपली. साडेदहा वाजले असतील. मला वाटलं, उठेल अकराला. बारा वाजले, कारखान्याचा भोंगा झाला, आई झोपलेलीच. मी उठून डब्यातली पोळी गुळाबरोबर खाल्ली आणि परत येऊन बसले. आई एका कुशीवर, तोंड थोडं उघडं, एक हात माझ्या उशीवर. तर्जनीला शिक्क्याची जांभळी शाई होती. ती कधीच पूर्ण जात नसे. मी तिला दिवसाउजेडी झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. झोपेत ती कुणाचीच आई दिसत नव्हती, नुसती एक दमलेली बाई दिसत होती. कपाळावर एक आडवी रेघ होती, ती झोपेतही तशीच होती. जोशीकाकूंच्या घरून पोरांचा आरडाओरडा येत होता, "पाय पुसा, पाय पुसा" येत होतं. मी खिडकीला ओली चादर लावली आणि आईजवळ बसून राहिले. माझा सगळा बेत फुकट गेला होता. राग यायला हवा होता, पण आला नाही. आजवरच्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांची कुणी यादी करायला सांगितली, तर तो सोमवार माझ्या यादीत असेल.

आई चारला उठली. घड्याळाकडे बघून, "अगंबाई!" म्हणाली. चहा केला. कॅलेंडरपाशी गेली आणि शेवटच्या गुरुवारचा गोल खोडला. मी अंथरुणातून बघत होते. तिनं मागं वळून, अगदी साध्या आवाजात सांगितलं, "रजा तुझ्या तापात गेली. तेव्हा तो गुरुवार तू कर."

मला वाटलं ती चेष्टा करतेय. आई अशी चेष्टा करत नसे. शनिवारी संध्याकाळी सगळ्या आया खाली वाळत घातलेले पापड काढत होत्या, तेव्हा तिनं सरळ विषय काढला. "शेवटच्या गुरुवारी मला रजा नाही. माझ्या जागी वसू वार करील. स्वयंपाक मी करून जाईन. नको वाटत असेल तर आत्ता सांगा." मी कठड्याला टेकून ऐकत होते. जोशीकाकूंनी पापडाची चळत टोपलीत ठेवली. "गेल्या वर्षी काही बोलला होतात तुम्ही. जमत नाही त्यांनी वगैरे." आई म्हणाली, "बोलले होते. चुकले होते. साखरपुडा काय रोज असतो?" आईनं पुण्यात राहून चारचौघांत चूक कबूल केली, याचा जोशीकाकूंना धक्काच बसला असावा. शेवटी म्हणाल्या, "पोर बारा वर्षांची आहे. बारा वर्षांची." तेव्हा शेखकाकू मध्ये पडल्या. "त्या दिवशी मी रात्रपाळी करून सकाळी घरी येते. शेजारच्याच दारात झोपलेली असेन. वसू, हाक मारलीस तर लगेच येईन. उगाच मारलीस तर बघ हं."

गुरुवारी आई नऊला गेली. बाबा गावाकडे लग्नाला गेलेले होते. खिचडीचं पातेलं, ताक, लोणचं, सगळं झाकून ठेवलेलं. मावशीच्या गावाहून आलेले पायरीचे आंबे आमच्या पलंगाखाली गवताच्या अढीत होते, त्यांतले अकरा काढून तिनं बादलीत पाण्यात घातले. "चार वाजता प्रत्येकाला एक. गॅसला हात लावायचा नाही. दाराला आतून कडी." आणि जिन्यावरून परत वर येऊन, "नंदूकडे बघ," असं म्हणून गेली.

दुपारपर्यंत सगळं नीट झालं. खरं सांगायचं तर मला चढलंच होतं. मी जोशीकाकूंसारखं दोनदा बोलत होते, शेखकाकूंसारखे डोळे मिटायला लावत होते. ओळीनं वाढलं, आधी सगळ्यांना, मग नंदूला, मग मला. खरवड आमच्या दोघांच्या वाट्याला आली, ती मी कशी वाढली ते माझं मलाच कळलं नाही. चारला आंबे काढले. सगळे गॅलरीत फतकल मारून आंबे घोळवत बसले. नंदूला आंब्याचं भारी वेड. तो दहा मिनिटं आपला आंबा दोन्ही हातांनी हळूहळू मऊ करत होता, देठ काढायचा राहिला होता, कारण चोखायला लागलं की संपतो. तेवढ्यात मीनाचा आंबा आतून काळा निघाला. मी माझा तिला दिला. लगेच शेखकाकूंच्या धाकट्याचाही नासका निघाला. त्यानं भोकाड पसरलं. भिंतीपलीकडे शेखकाकू झोपलेल्या होत्या. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि नंदूच्या हातातला आंबा काढून घेतला.

नंदू ओरडला नाही. मोकळे हात तसेच धरून माझ्याकडे बघत राहिला. "माझा होता," म्हणाला. मी म्हटलं, "तू घरचा आहेस ना? कळत नाही तुला?" आवाज आईचा होता. शब्दही आईचेच. मला ते माझ्या कानांनी ऐकू आलं. नंदू उठला, खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. मी मागं गेले तर म्हणाला, "तू नको मला. आई पाहिजे." नऊ पोरं गॅलरीत आंबे चोखत होती आणि मी आपल्याच भावाच्या पाठीकडे बघत दारात उभी होते. तेव्हा मला रडू आलं. खिचडीची खरवड, दाराजवळची झळ, सगळे धपाटे आठवले आणि पहिल्यांदा आईचा राग आला नाही, आईची कीव आली.

आई सव्वासहाला आली. पोरं आपापल्या उशा घेऊन घरी गेली होती. चप्पल काढता काढता तिनं विचारलं, "सगळे जेवले? कुणी पडलं-झडलं?" मी नाही म्हटलं. नंदूनं तिच्या पदरात तोंड घालून एका दमात सगळं सांगितलं. मला वाटलं, आता मला बोलणी. आई खाली बसली, पर्स तशीच खांद्याला. मग म्हणाली, "आप्पांचा बुधवार एका मोठ्या घरी असायचा. तिथं घरच्या पोरांना आधी वाढायचे, गरम. मग उरलंसुरलं आप्पांना. म्हातारे झाले तरी बुधवारी त्यांना जेवण गोड लागत नसे. मी तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या घरी वाराला आलेल्या मुलाला शेवटी वाढायचं नाही." तिनं नंदूच्या केसांतून हात फिरवला. "वाराच्या मुलाला कमी नको म्हणून तुम्हाला कमी. आपल्या मुलांना काय, चालतं, असं वाटतं. चालत नाही. मला कळतं गं, पण अजून जमलेलं नाही." मग ती पलंगाखाली वाकली, अढी पार चाचपली आणि एक आंबा काढला, एका बाजूनं अजून हिरवा. त्याच्या फोडी केल्या. आंबट होता. आम्ही तिघांनी तो मीठ लावून खाल्ला.

वार पुढे चार वर्षं चालले, मग आम्ही मोठे झालो. आईनं पुढच्या उन्हाळ्यापासून एक बदल केला: वाढताना सुरुवात दर वेळी वेगळ्या टोकानं करायची. एकदा माझ्यापासूनही झाली. मला ती गरम खिचडी अजिबात गेली नाही, सवय नव्हती.

आई आता शहाऐंशीची आहे, नंदूकडे असते. कांद्याचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. गेल्या दिवाळीत आम्ही दोघीच लसूण सोलत बसलो होतो, तेव्हा धीर करून म्हटलं, "आई, मला तो ताप आला होता ना, ती रजा गेली..." ती लसणीवरची नजर न काढता म्हणाली, "कांदा परत टोपलीत ठेवतं का कुणी? एवढी पण अक्कल नव्हती तुला." मी हातातली पाकळी खाली ठेवली. "तुला माहीत होतं? मग रजा का टाकलीस?" तिनं एक पाकळी सोलून वाटीत टाकली. "नंदू झाल्यापासून मी दुपारची झोपले नव्हते. तू डोळे घट्ट मिटून पडली होतीस, कांद्याचा वास येत होता. म्हटलं, ही खोटं बोलतेय तर बोलू दे. आपणही बोलू." मग दुसरी पाकळी उचलून, "छान झोप लागली होती गं," म्हणाली. "आणि तो कांदा रात्री तुझ्या बाबांच्या पिठल्यात घातला. आवडलं त्यांना."

मुग्धाच्या तक्त्यात मी पुन्हा बघितलं. तिचे हिरवे चौकोन सात होते आणि सातही मुलांच्या नावानं. मी तिला फोन केला. म्हटलं, "माझे एकोणीस पिवळे कबूल. पण मी असेन त्यातला एक सोमवार तू हिरवा कर. मुलांना मी बाहेर घेऊन जाते. तू घरी झोप."

"आई, झोपायला कोण लीव्ह देतं? अ‍ॅप्लाय करताना रीझन काय टाकू?"

"ताप," मी म्हटलं. "आपल्या घरात चालतो."